हालचाल

वीज वाचवायचा नवा नियम इस्पितळांनाही लागू झाला आणि प्रत्येक खोलीच्या छताला बटणाएवढं यंत्र चिकटलं. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की खोली रिकामी समजून ते दिवा आणि एसी बंद करायचं.

बिनखिडकीच्या सात नंबरच्या खोलीत मास्तर होते. सगळं अंग लुळं, हलायचे ते फक्त डोळे. तेवढं काही यंत्राला दिसत नव्हतं. मग सिस्टर हातातलं काम टाकून दर दहा मिनिटांनी धावत जायच्या आणि छताकडे बघत दोन्ही हात हलवायच्या. उजेड झाला की मास्तरांच्या डोळ्यांतली भीती ओसरायची.

सिस्टरांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, "आपल्या अर्जावर हालचाल सुरू आहे." शेवटी मावशींना मास्तरांपाशी हात हलवायला बसवून त्या स्वतःच कार्यालयात जाऊन थडकल्या. नियम सुधारणाऱ्या समितीची बैठक होती म्हणे. दाराच्या काचेतून बघतात तो आत मिट्ट काळोख!

"बैठक संपली का हो?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"छे हो, सकाळपासून चालूच आहे."

शिपायाने दार किलकिलं केलं आणि सवयीने आत हात हलवला. भक्कन उजेड पडला. नऊ साहेब आपापल्या खुर्चीत बसलेले होते.

सिस्टरांनी एकेकाकडे नीट निरखून पाहिलं. मास्तरांचे निदान डोळे तरी हलायचे.