अर्धा घंटा

"माय, चावी कुठी गेली?" भूपेंद्रने तिसऱ्यांदा विचारलं. आता त्याच्या आवाजात सणाचं काही उरलं नव्हतं.

रुख्माबाई चटई अंथरत राहिली. गाडीची चावी तिच्या कमरेला खोचलेली होती आणि वाकलं की टोचत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तिच्या घरी मेणबत्ती लागते. सगळे चटईवर बसतात आणि ती एकेकाचं नाव घेऊन येशूकडे मागणं मागते. मुलगा दुपारी नागपूरहून आला होता, भिंत भरून जाईल एवढा टीव्ही घेऊन. अंधार पडायच्या आत त्याला रायपूर गाठायला निघायचं होतं. तिथल्या हॉटेलात पार्टी होती.

"अठीच फळीवर ठेवली होती मी. तू पाहिली का?"

"पाहू ना, सापडल. घरातली वस्तू कुठी जाते?"

खोटं बोलायचं नाही म्हणून बाई आडवळणाने बोलत होती. पण आडवळणाने गेलं तरी माणूस पोचतो तिथेच, हे तिला कळत होतं. अर्धा तास शोधाशोध होईल, तोवर दिवे लागतील, मग बसेलच पोरगा चटईवर, एवढाच तिचा हिशेब होता.

बाहेर गाडीत लेकीला घेऊन बसलेल्या सुनेने, रश्मीने, हाक मारली, "अहो, निघायचं की नाही?"

भूपेंद्रने गाद्या उलट्या केल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला. मग त्याची नजर स्टुलावर गेली. पलीकडच्या गल्लीतला वायरमन छोटेलाल टीव्हीची वायर भिंतीला ठोकत होता.

"छोटेलाल, खाली उतर. खिसे दाखव."

"भैया, मी तं आल्यापासून वरच आहो."

"मंग दाखवाले काय जाते तुझं?"

छोटेलाल उतरला. खिशातून टेस्टर निघाला, चार खिळे, तंबाखूची पुडी आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चिक्की. भूपेंद्रने त्याची पिशवीही हिसकावली आणि जमिनीवर रिकामी केली. पेचकस गडगडत चटईपर्यंत आला. छोटेलालने शर्टाचा खिसासुद्धा उलटा करून दाखवला. त्याचे कान लाल झाले होते.

रुख्माबाईला स्वतःची किळस आली.

"थांब!" ती ओरडली. "चोर सोडून संन्याशाले काऊन फाशी देऊन राहिला? चोर मी आहो."

तिने कमरेची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

भूपेंद्र चावीकडे पाहतच राहिला. "तू? कायले, माय?"

"टीव्ही मागतला होता का मी? अर्धा घंटा मागतला. तू देऊन नाही राहिला, तं चोरला. तीन नाताळ झाले, तुझं नाव घ्यावं अन् समोर पाहावं तं भिंत."

छोटेलाल सामान गोळा करत होता. रुख्माबाईने त्याच्यापुढे हात जोडले. "माफ कर गा, बाबू. माझ्यापायी झालं."

"तुमचं काही नाही, काकी," तो म्हणाला. भूपेंद्रकडे त्याने पाहिलंच नाही. वायर तशीच लोंबती सोडून तो निघून गेला.

हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. भूपेंद्रने बूट काढले आणि तो चटईवर येऊन बसला.

"घे, बसलो. कर सुरू. अर्धा घंटा उशीर झाला तं झाला."

ज्याच्यासाठी ती चोर झाली, ते समोर येऊन बसलं होतं. रुख्माबाईने काडी ओढली. ती जळत जळत बोटापर्यंत आली, पण तिने मेणबत्तीला लावली नाही. फुंकून टाकली.

"नाही होत, बाबू. कोणत्या तोंडानं मागू? आधी छोटेलालच्या घरी जाय. त्याच्या बायकोपोरीसमोर हात जोड. मंग ये."

"माय, तो आता ऐकन का माझं? अन् रायपूर?"

"मंग रायपूरले जाय. चावी हातात आहे तुझ्या."

भूपेंद्र उठला. बूट घालताना त्याने आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तो बाहेर पडला. रुख्माबाई कान देऊन बसली. गाडीचं दार उघडलं, दार लागलं. आता इंजिन सुरू होईल आणि आवाज हायवेकडे जाईल, म्हणून तिने डोळे घट्ट मिटले. आपणच हाताने घालवला पोराला, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

पावलं वाजली. रश्मी लेकीला घेऊन आत आली होती. दोघींनी चपला दारातच काढल्या.

"अन् तो?"

"पायीच गेले, गल्लीत. काय झालं, आई? मला काही सांगितलंच नाही. चेहरा कसातरीच होता त्यांचा."

रुख्माबाईने डोळे पुसले. कोपऱ्यातली दुसरी चटई काढली आणि पहिलीला लागून अंथरली. छोटेलाल आला तर बसायला जागा हवी.

बाहेर अंधार पडला होता. रश्मीने काड्यापेटी उचलली. "आई, दिवेलागण तर होऊन गेली. लावू का मेणबत्ती?"

"राहू दे," रुख्माबाई म्हणाली. "घाई कायची आहे?"