चार बोटं तार

पडद्यावर पुन्हा तेच दोन शब्द उमटले : ‘नो डायलटोन’.

यंत्रणा दुरुस्त करायला आलेल्या तेजश्रीने खिडकीबाहेर पाहिले. तलाव भरत आला होता. त्याच्या मातीच्या भिंतीखाली डोंगरवाडी होती. ऊसतोडीला अजून कुणी गेले नसल्याने वाडी भरलेली होती, आणि सकाळपासून सगळी वाडी टेकडीवरच्या शाळेत येऊन बसली होती. यंत्राने मोजलेली पाण्याची पातळी बीडच्या कार्यालयात पोहोचायची, ती धोक्याच्या खुणेखाली असेल तर तिथून शाळेवर फोन यायचा, आणि मगच माणसे घरी परतायची. डोळ्यांनी वाचलेली पातळी कार्यालय मानत नव्हते. धरणावरच्या या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. बीडपर्यंत जाणारी वाट एकच होती : टेलिफोनची जुनी तार आणि तिच्या टोकाचा तितकाच जुना मॉडेम.

संगणकावरची लिनक्स प्रणाली नीट चालत होती. मॉडेम जोडायचे पोर्ट बरोबर होते. आज्ञा दिली की मॉडेम निमूटपणे ‘ओके’ म्हणत होता. काही ठिकाणचा डायलटोन, म्हणजे फोन उचलल्यावरची घरघर, अशा मॉडेमना ओळखता येत नाही. मग टोनची वाट न पाहता नंबर फिरवायला सांगायचे, हा त्यावरचा ठरलेला उपाय. तेजश्रीने तशी आज्ञा दिली. मॉडेमने आंधळेपणाने नंबर फिरवला आणि पलीकडून काहीच आले नाही. तिने तारेला साधा फोन जोडून कानाला लावला. साधी घरघरसुद्धा नव्हती. म्हणजे दोष तारेत होता. तिला बरे वाटले. ज्याचे कारण सापडते असा दोष तिला आवडे.

“परत नेली वाटतं,” दारातून तलावाचा चौकीदार धोंडीराम म्हणाला.

“काय नेली?”

“तार. हितला चोर लई चिकट हाय, मॅडम. येतो, तोडतो अन् चार बोटंच नेतो.”

“चार बोटं तार नेऊन कोण काय करणार, काका?”

“आमी बी तेच म्हन्तो. पर टोकं जुळत न्हाईत. दर टायमाला मधी तुकडा घालावा लागतो. सरपंच म्हन्ले, करणी हाय, लिंबू टांग.”

“मग?”

“टांगलं. लिंबू हाय तसंच, तार गेली.”

तेजश्री हसली. दोघे भिंतीच्या माथ्यावरून चालत गेले. खोलीपासून पलीकडच्या खांबापर्यंत तार मुरुमाखाली पुरलेली होती. मधोमध एका जागी धोंडीरामने मुरूम उकरला. काळ्या पट्टीने गुंडाळलेले जोड एकापुढे एक ओळीने पडले होते, आणि शेवटच्या जोडापाशी तार सुटलेली होती.

“हे बघा काका, करणी नाही आणि चोरही नाही. दर वेळी जोडताना तुम्ही टोकं सोलता, त्यात थोडी तार खर्ची पडते. उरलेली ताणलेली राहते, जुनी झाली की तुटते. एवढंच.”

“आसंल,” धोंडीराम म्हणाला. त्याचा चोरावरचा विश्वास फारसा ढळलेला दिसला नाही.

स्पष्टीकरण पूर्ण होते, आणि पूर्ण स्पष्टीकरणापुढे तेजश्री सहसा प्रश्न विचारत नसे. तार दर वेळी याच जागी का तुटते, हे तिने विचारले नाही. धोंडीरामने मोजून मापून, जेवढ्यास तेवढा तुकडा घातला. तार वाया घालवायची त्याला सवय नव्हती. चोर नाही याची त्याला खात्री पटावी म्हणून तिने त्याला जोडापाशीच राखण बसवले आणि ती खोलीत परतली.

या वेळी मॉडेमने शीळ घातली, तो खरखरला आणि शांत झाला. पलीकडून उत्तर आले. पातळीचा आकडा बीडला गेला. तो खुणेखाली होता.

थोड्याच वेळात शाळेवरचा भोंगा खणखणला. सरपंच आप्पाराव बोलत होते. “बीडहून फोन आलाय. पानी खुनंच्या खाली हाय. समद्यांनी घरी चला. अन् हनुमान, तुझी शेळी माझ्या खुर्चीखाली हाय, ती बी ने!”

माणसे उतरू लागली. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरे. तेजश्री समाधानाने वळली, तर पडद्यावर शब्द होते : ‘नो कॅरिअर’.

जोडणी तुटली होती, आणि तिने फोन तोडला नव्हता.

ती बाहेर आली. भिंतीचा माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. मधोमध एकटा धोंडीराम बसला होता.

“काका, तार ओढली का?”

“हात बी लावला न्हाई!” त्याने तारेची दोन टोके वर धरून दाखवली. “म्या हितंच बसलोय, मॅडम. कुनी बी आलं न्हाई.”

तेजश्रीची नजर टोकांवरून जोडांच्या ओळीवर गेली. आजवर घातलेले सगळे तुकडे तिने मनातल्या मनात एकापुढे एक ठेवले. तार आखडली नव्हती. खोली आणि खांब एकमेकांपासून दूर जात होते. तिने पाठवलेला आकडा अगदी खरा होता. पण तो पाण्याचा होता. भिंतीविषयी आजवर फक्त तुटलेली तार सांगत आली होती, आणि तिने ती दुरुस्त करवून घेतली होती.

“काका, उठा! माणसं माघारी फिरवा!”

भोंगा अजून वाजत होता. खाली पहिल्या घराचे कुलूप उघडले. धोंडीराम गोंधळून उठला, आणि उठता उठता सवयीने त्याने दोन्ही टोके जुळवून पाहिली. आता त्यांच्यामध्ये वीत मावत होती.