पुलीची खांदशेकणी

इंदरलालनं चैतरामच्या थोबाडीत मारली तेव्हा अंगणात आठ-दहा माणसं उभी होती. इंदरलालची जीप नुकतीच ट्रॅक्टरला दोर बांधून इटियाडोहच्या रस्त्यावरून ओढून आणली होती. रेडिएटर फुटलेला, पट्टा तुटून लोंबत होता.

"चौदा सवाऱ्या होत्या! इंजन रेटून राहिला होता का बे?"

चैतराम सात वर्षं ही जीप चालवत होता. त्याच चौदा जणांना त्यानं तासाभरापूर्वी सुखरूप खाली उतरवलं होतं, पण ते विचारायला कोणाला सवड होती? तो गालाला हातही न लावता म्हणाला, "दोन म्हयन्यापासून सांगून राहिलो, मालक. पुली डुलते, बदलून टाका."

"वरून मलेच शिकवते! उद्यापासून तोंड नोको दाखवू."

टिकाराम मिस्त्री जीपखालून बाहेर आला. हातात इंजिनाच्या तोंडाची पुली होती. आतला लोखंडी गड्डा एकीकडे, बाहेरची कडी दुसरीकडे. मधलं रबर त्यानं चिमटीत धरलं, तर ते भिजल्या पापडासारखं निघून आलं. पिवळं.

"हे रबर इंजनचे हादरे खाते," तो म्हणाला. "तेल लागलं का सडते. सडलं, म्हनून कडी निसटून रेडिएटरात घुसली. डायवरचा काय दोष? आन यात हळद कोनं भरली?"

सगळ्या गावाला माहीत होतं.

इंदरलालनं बैल विकून जीप घेतली, पण खांदशेकणी सोडली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं शेकायचे, मग त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही रीत. हा पुलीला शेकायचा. ओझं तीच ओढते म्हणे. यंदा तर पुली डुलते कळल्यापासून दर सोमवारी, स्वतःच्या बोटानं, फटीफटीत जिरवून. लोखंडाची एवढी माया, आणि हाडामासाच्या माणसाला चपराक!

आजही खांदशेकणीच होती. त्याची बायको सुखवंता हळद-तेलाची गरम वाटी फडक्यात धरून बाहेर येत होती. ती दारातच थबकली.

इंदरलालनं वाटीकडे पाहिलं, रबराकडे पाहिलं. चैतरामकडे काही त्याला पाहवेना.

"बरं, जाऊ दे आता," तो पुलीकडे बघतच म्हणाला. "उद्या पोळा हाय. जेवाले येजो."

चैतरामनं खिशातली किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"बैलाले आवतन देतेत, तवाबी पयले खांदा शेकतेत, मालक," तो म्हणाला, आणि गालावर उमटलेली पाच बोटं घेऊन फाटकाबाहेर पडला.