शिवराजचं राहिलेलं

कावळा खाली यायलाच तयार नव्हता.

कायगावच्या घाटावरचे कावळे तसे काही मानी नाहीत. सकाळपासून दशक्रियांची रांग लागलेली असते आणि एका पिंडाचा भात चोचीत असतानाच त्यांचा डोळा दुसऱ्यावर असतो. आज मात्र लिंबाच्या फांदीवर ओळीने बसून ते शिवराजच्या पिंडाकडे नुसते बघत होते. ऊन चढत चाललं होतं.

शिवराजचे चुलते काकासाहेब यांनी मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा हात जोडले. "शिवराज, रूपाचं लग्न आम्ही थाटात करू. तुझ्या आईला मी अंतर देणार नाय. ये बाबा." मग बहीण रूपा पुढे झाली. दादाची गाडी विकणार नाही म्हणाली आणि तिथेच रडत बसली. मित्रांनी गुलमंडीवरची इमरती आणली होती, त्याच्या आवडीची. ती पिंडाशेजारी ठेवली. कावळे जागचे हलले नाहीत.

"दर्भाचा कावळा करून लावू," गुरुजी म्हणाले. त्यांना मागे खोळंबलेली मंडळी दिसत होती.

"नाय," शिवराजची आई आशाबाई म्हणाली. "पेटी आली, ती उघडू दिली नाय. कुठल्या बेटावर गेला इचारलं, तर मिलिटरीचं काम हाय म्हणून नाव सांगितलं नाय. आता कावळा पन गवताचा व्हय?"

आशाबाईने मागे वळून पाहिलं. वरच्या पायरीवर विश्वजीत उभा होता, बूट हातात धरून.

"साहेब, त्याचं हापिसातलं काही राहिलंय का? तुमी बोला त्याला. तुमचं लई ऐकायचा."

विश्वजीत शिवराजचा साहेब. समुद्रातल्या त्या लांबच्या बेटावर लष्कराचा तळ व्हायचा होता, आणि त्याचा आराखडा शहरातल्या त्यांच्या ऑफिसात तयार होत होता. धावपट्टी, बोटींचा धक्का, जवानांच्या बराकी. शिवराज मोजणीला गेला होता आणि परतताना बोट उलटली. त्याचं काय राहिलं होतं, हे विश्वजीतला चांगलं माहीत होतं. परतीला निघण्याआधी शिवराजने तिथून फोन केला होता.

"सर, पट्टीच्या मधोमध गोड्या पाण्याचा झरा येतोय. इथल्या लोकांचं सगळं पाणी त्याच्यावरच आहे. मुकुंदवाडीत आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, सर. इथं बारा महिने वाहतंय. त्याच्यावर काँक्रीट कसं ओतायचं? जरा सरकवा ना पट्टी."

"बघू," विश्वजीत म्हणाला होता.

आणि त्याने बघितलंही होतं. पडद्यावर धावपट्टी थोडी पूर्वेला ओढली की झरा वाचत होता. पण मग माती परीक्षण पुन्हा, मंजुऱ्या पुन्हा, आणि मुदत तर तोंडावर आलेली. त्याने पट्टी परत होती तिथे आणून ठेवली. त्यानंतर शिवराज गेल्याची बातमी आली. तरी काम थांबलं नाही. अंतिम आराखडा काल संध्याकाळी दिल्लीला रवाना झाला. खाली सही विश्वजीतचीच होती.

"साहेब," आशाबाई पुन्हा म्हणाली.

विश्वजीत पायऱ्या उतरला. लोकांनी वाट करून दिली. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आईच्या समाधानासाठी दोन शब्द बोलायला आपलं काय जातं, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि हात जोडले. पिंडालाच काय ते ऐकू जाईल इतक्या हळू तो पुटपुटला.

"शिवराज, झरा वाचवतो. पट्टी सरकवतो."

जोडलेले हात खाली यायच्या आत फांदी हलली. एक कावळा उतरला. इमरतीकडे न बघता तो सरळ पिंडावर गेला आणि भाताचा घास घेऊन नदीपलीकडे उडाला.

"शिवला, शिवला," मागे कुजबुज झाली. काकासाहेबांनी डोळे पुसले. गुरुजी घाईघाईने पुढच्या तयारीला लागले. विश्वजीत मात्र कावळा गेला त्या दिशेला बघत राहिला. जिवंतपणी शिवराजने त्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. आजही घेतली नाही.

आशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ आली.

"काय राहिलं होतं हो त्याचं?"

"पाण्याचं होतं," विश्वजीत कसाबसा म्हणाला.

"पान्याचंच असनार. ल्हान होता तवा हंडा सांडला तर जेवायचा नाय." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "धरा हात."

त्याने हात पुढे केले. मुकुंदवाडीच्या सवयीने तिने अगदी बारीक धार धरली, एक थेंब वाया जाऊ न देता. पाणी थांबलं तरी विश्वजीतला हात मागे घेता येईनात.

"झालं का म्हणून इचारायला मी यायची नाय, साहेब," ती म्हणाली. "त्याला पटलं. मग मी कोन परत इचारनारी?"