कप रिकामा होता

दिराने रिमोट दाबला आणि सरांच्या हातातून सुटलेला कप टीव्हीवर हवेतच थांबला.

"हाच तो सीन!" तो सोफ्यावर मांडी ठोकून बसला होता, एका हातात रिमोट, दुसऱ्यात फोन. "नुसता एवढा तुकडा नऊ लाख लोकांनी पाहिलाय, वहिनी. तुमचे सर म्हणजे तुमचे सरच."

पडद्यावर वहिनीचं ऑफिस होतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सरांच्या कंपनीत ती आठ वर्षं चाचणीचं काम करत होती. म्हणजे दिवसभर मरायचं काम. कुऱ्हाडीने मरायचं, आगीत मरायचं, राक्षसाच्या टाचेखाली मरायचं, आणि मरताना काही चुकलंच तर लिहून ठेवायचं. आता कंपनीवर डॉक्युमेंटरी मालिका निघाली होती आणि सुट्टीच्या दुपारी सगळं घर तिसरा भाग बघत होतं. दिराने तर आपलं मोबाईल दुरुस्तीचं दुकानही बंद ठेवलं होतं.

त्याने सीन मागे नेला. सरांनी खुर्चीला लाथ घातली. कीबोर्ड उचलून टेबलाच्या कडेवर आपटला, दोनदा. बटणं दातांसारखी उडाली. एका माणसाची कॉलर धरून त्याला काचेच्या भिंतीवर दाबलं, सोडलं, आणि वळून टेबलावरचा कप भिरकावला. सीन तिथेच तुटत होता. पुढे एकदम गेममधल्या राक्षसाचं मुंडकं उडायचं, रक्ताचं कारंजं, वर टाळ्या. दिराने पुन्हा मागे जाऊन कप हवेत थांबवला आणि फोनवरून लोकांची मतं वाचायला घेतली.

"'याला म्हणतात जीव ओतून काम करणं.' हे ऐका, 'माझ्या बॉसने मला असा एक कप मारला असता तर आज मी कुठल्या कुठे असतो.' आणि हा म्हणतो, 'रोज सकाळी उठल्यावर हे बघतो. अंगात वीज येते.'"

"दात घासायच्या आधी की नंतर?" लेकीने विचारलं.

"गप गं. आणि आता मोठा वाद पेटलाय. कप रिकामा होता की भरलेला? ऐंशी टक्के लोक म्हणतात, रिकामा. माझं मतही तेच."

"रिकामाच असणार," नवरा म्हणाला. "एवढा मोठा माणूस. तेवढी अक्कल असते त्याला."

वहिनी काचेच्या बाटलीतून ग्लासात पाणी ओतत होती. ग्लास भरला तरी ओतत राहिली, मग थांबली.

"काका, समोर कोण होतं?"

"भिंत होती गं, राणी."

"मग ही बाही कुणाची?"

पडद्याच्या अगदी कडेला बोटभर पिवळी लोकर दिसत होती.

"हां, त्या बाहीवर तर धमाल चाललीये!" दीर खदखदला. "'पिवळ्या बाहीने डावीकडे वाकायला हवं होतं. खेळच येत नाही तिला. दहापैकी तीन.'"

वहिनीचा हात केसांत, उजव्या कानामागे गेला. तिथे पाच टाक्यांचा वण होता. घरी तिने सांगितलं होतं, जिन्यावरून पडले. कंपनीच्या फॉर्मवरही तेच लिहून सही केली होती. सर स्वतः पेन घेऊन आले होते, डोळ्यांत पाणी आणून, आणि तिलाच वाटलं होतं, जाऊ दे बाई, माणूस आहे. स्वेटर तिने ऑफिसच्याच कचऱ्यात टाकला होता. उद्या सकाळी नऊला पुन्हा त्याच टेबलाशी बसायचं होतं.

"आई, तुझा असा स्वेटर होता ना?"

"अशा बाह्या छप्पन असतात," ती म्हणाली.

"मी तर ठरवलंय," दीर उठून उभा राहिला. "उद्यापासून दुकानात हेच. दोन्ही कारागीर नुसते सुस्तावलेत. तोंडाने सांगायचंच नाही, सरळ..." त्याने तिपाईवरचा प्लॅस्टिकचा कप उचलला, सरांसारखी मान ताठ केली आणि हात मागे नेला. "बघा हं, वहिनी!"

कप त्याच्या हातातून सुटायच्या आधीच ती खाली होती. डावीकडे. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. जाताना तिचा खांदा तिपाईवर आदळला. बाटली, ग्लास, सगळं फरशीवर फुटलं आणि ती त्या काचांवरच पडली. कोपरातून आलेलं रक्त पाण्यात पसरायला लागलं. प्लॅस्टिकचा कप भिंतीवर आपटून टकटक करत तिच्या पायाशी येऊन थांबला.

नवरा हसत उठला आणि हसता हसताच थांबला. "अगं, वेडी का तू? काचा आहेत, हलू नकोस."

ती हलतच नव्हती. लेकीने खाली बसून तिची बोटं एकेक करून डोक्यावरून सोडवली. केस बाजूला केले. कानामागे बघितलं आणि बघतच राहिली.

"गंमत केली हो, वहिनी." दिराचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रिकामा होता. शप्पथ, रिकामा होता."

"भरलेला होता," ती फरशीवरूनच म्हणाली. "वाफाळती कॉफी होती. मीच नेऊन दिली होती."

टीव्हीवर कप अजून हवेतच होता. दिराच्या हातातला फोन टिंग वाजला. आणखी कुणीतरी आपलं मत दिलं होतं.