हिरवी पट्टी

“ती चिठ्ठी काढा मॅडम,” साहेब म्हणाले. “चिठ्ठ्यांवर चालतं का कुठे ऑफिस? याद्या बदलता त्या एडिटरच्या तळाशी पट्टी बसवा. मशीन कुठलं, ते तीच सांगेल.”

‘आधी मशीनचं नाव विचार’ असं लिहिलेली चिठ्ठी तिने स्क्रीनवरून काढली आणि चुरगाळून टेबलाखालच्या टोपलीत टाकली. सरावाचं मशीन आणि खरं मशीन तिच्या एकाच स्क्रीनवर उघडत, आणि गेल्या महिन्यात सरावाचं समजून तिने खऱ्या मशीनवरची पेशंटच्या नंबरांची यादी पुसली होती. दवाखान्याच्या दारात दोनशे पेशंट नंबराशिवाय ताटकळले होते. पुन्हा तसं झालं तर नोकरी जाणार, हे साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

तिने पट्टीचं प्लगइन बसवायला घेतलं, आधी सरावाच्या मशीनवर. पहिल्यांदा पट्टी आलीच नाही. दुसऱ्यांदा आली ती अक्षरांऐवजी नुसते चौकोन घेऊन. फॉन्ट बदलला, एडिटर बंद करून उघडला, तेव्हा कुठे तळाशी हिरवंगार उमटलं: ‘सराव’. तिचा जीव भांड्यात पडला. ‘सराव’ हा शब्द लिहिलेली सेटिंगची तीच फाइल तिने खऱ्या मशीनवरही टाकली. आता तिथला शब्द बदलून रंग लाल करायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं.

परत आली तेव्हा साडेअकरा झाले होते. सरावाची यादी रिकामी करायची होती. विंडो समोर उघडीच होती. नावांवरून काही कळणार नव्हतं, सरावाची यादी म्हणजे खऱ्या यादीचीच नक्कल. तिने सगळ्या ओळी पुसल्या. आता फक्त सेव्ह करायचं.

तिने तळाशी पाहिलं. हिरवी. तरी तिने सेव्ह दाबलं नाही.

“पट्टी काय म्हणते?” साहेब मागे येऊन उभे होते.

“सराव.”

“मग मुहूर्त बघताय का?”

तिला लाज वाटली. पण दुधाने तोंड पोळलं होतं. तिने हळूच कमांड टाइप करून मशीनलाच त्याचं नाव विचारलं.

उत्तर एका शब्दात आलं: ‘खरं’.

पट्टी बिचारी तिने लिहून दिलेलंच वाचत होती. सेव्ह न करता तिने एडिटर बंद केला आणि टेबलाखाली वाकली.

“आता काय शोधताय?” साहेबांनी विचारलं.

“चिठ्ठी,” ती टोपलीत हात घालत म्हणाली.