एकमताचं गाव

एक हात खाली होता.

बाकी सगळे वर होते. बायाबापडे, म्हातारेकोतारे, पोरंसोरं मांडीवर घेऊन बसलेल्या लेकुरवाळ्या, सगळ्यांचे. कुरखेड्याहून आलेल्या जलालुद्दीनचा ऊर भरून आला होता. पण ग्रामसभेची अध्यक्ष शकुबाई सगळ्यांवर नजर फिरवता फिरवता थांबली. या गावात बहुमत चालत नाही. बांबू तोडायचा असो की दारू बंद करायची, एकूण एक हात वर झाल्याशिवाय ठराव होत नाही. एकच हात खाली राहिला तरी विषय बारगळतो. आणि तो खाली राहिलेला हात नथ्थूचा होता. जिच्यासाठी सभा भरली, त्या रीताच्या बापाचा.

रीता नर्स. कुरखेड्याच्या दवाखान्यात होती तेव्हा तिने जलालुद्दीनच्या बायकोची, रहमतबीची, पोटच्या पोरीने करावी तशी सेवा केली होती. पुढे ती परदेशी नोकरीला गेली. तिथे रविवारी चार मैत्रिणींना खोलीवर बोलावून येशूची प्रार्थना केली. गुन्हा तेवढाच. तिला तुरुंगात टाकलं.

बातमी आली तेव्हा लोक हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. जलालुद्दीनला मात्र घास गिळवेना. तो हिरडा-मोहाचा व्यापारी, बोलणं तोलूनमापून. पण घरच्यांनीच जेव्हा विचारलं, "तुमी काऊन पडता याच्यात?" तेव्हा तो भडकला.

"माह्या धर्माचं नाव घेऊन कोंडलं तिले. मंग बोलाचं कोनं?"

त्याने दुकानाला कुलूप लावलं. विहारातले भन्तेजी, चर्चचे फादर आणि मूल गावचे कीर्तनकार महाराज यांना सोबत घेतलं आणि दिल्ली गाठली. परराष्ट्र मंत्रालयाच्या दारात ही वरात पाहून पहारेकरीसुद्धा चक्रावला म्हणे. पण आतला एक अधिकारी भला निघाला. म्हणाला, मंत्रिमहोदय पुढच्या आठवड्यात त्याच देशात जाताहेत, बोलण्यांत हा विषय काढता येईल. अडचण एकच. तिकडचं सरकार म्हणतं, ही बाई भांडखोर आहे, हिला हिच्या गावातसुद्धा कुणी विचारत नाही. तेव्हा गावाचा ठराव आणा. ही आमची लेक आहे, हिला सोडा आणि आमच्या गावी पाठवा, असं गावानेच म्हणू द्या.

त्याच ठरावासाठी आज सभा होती आणि कागद उद्याच दिल्लीला निघायचा होता.

"बापच असा, तं सरकार काय करन?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

गावदेवाची पूजा करणारा लटारू हात वर ठेवूनच बोलला, "आपली लेक आहे ते. तिचा देव तिच्यापाशी. देवाचं नाव घेतलं म्हनून कोनी कोंडते का? मानसं आहेत का काय ते तिकडचे?"

माना हलल्या. जलालुद्दीनला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आपल्या या आडरानातल्या गावाने जगाला शिकवावं, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. तो उठून नथ्थूजवळ गेला आणि उकिडवा बसला.

"नथ्थूभाऊ, पोरीच्या सुटकेचाच ठराव आहे. समजलं ना तुमाले?"

"समजलं जी."

"मंग हात काऊन नाई करून राह्यले वर?"

नथ्थूने डोक्यावरचा दुपट्टा काढला, मांडीवर ठेवला. "सोडवा तिले. पाया पडतो तुमच्या. पन 'गावी पाठवा' हे तेवढं काढून टाका."

"तेच तं पाह्यजे दिल्लीले. आपल्या गावी नाई, तं मंग कुठी जाईन ते?"

"कुठीबी जाऊ द्या. इथी नोको."

सभेत कुजबुज झाली आणि लगेच विझली. जलालुद्दीनने शकुबाईकडे पाहिलं. ती पदर नीट करत होती. लटारूकडे पाहिलं, तर तो दुसरीकडेच पाहत होता. हात अजून वर होते, पण कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

"तिची माय मेली तवा बी सभा इथीच बसली होती," नथ्थू म्हणाला. आवाज चढवला नाही, की कुणाकडे बोट दाखवलं नाही. "येशूवाली झाली होती ना ते. मायलेकी दोघीबी. गावच्या मसनात तिले माती द्याची नाई, असा ठराव झाला. पोरीनं ट्रॅक्टरवर टाकून दुसऱ्या गावाले नेली मायले. तिथून ते वापस आलीच नाई. तसीच गेली परदेशी."

जलालुद्दीनला हे ठाऊकच नव्हतं. पोर चार पैसे जास्त मिळतात म्हणून गेली, असंच तो आजवर समजत आला होता. त्याला राग आला. गावाचा आला, आणि त्याहून जास्त समोरच्या म्हाताऱ्याचा.

"पन भाऊ, या गावात तं सगळ्याईचे हात लागतात. तुमचा एक हात खाली असता, तं तो ठराव झालाच नसता."

नथ्थूने मान हलवली.

"मले याच गावात राहाचं होतं, भाऊ. त्या दिवशी माहा हात वर होता."